आईचा सहावा हिस्सा

प्रश्न डिचोलीच्या, सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की सगळे गोव्याचं उदाहरण देतात. मग माझ्या आईला तिच्या पेडण्याच्या माहेरघरातलं काहीच कसं मिळालं नाही? आजोबा २००९ मध्ये वारले. आजी आहे, थोरल्या मामांकडे असते. आता दोन्ही मामा जमीन विकायला निघालेत आणि आईला 'एका कागदावर सही करायला' बोलावलंय. गोव्यात कायदा खरंच समान आहे का?

तुमच्या वाक्यातली एक चूक आधी दुरुस्त करते. आईला काहीच मिळालं नाही, असं नाही. २००९ मध्ये आजोबांनी डोळे मिटले त्याच दिवशी तिला मिळालं. कुणी दिलं नाही, कागदावर नाव चढलं नाही, ही गोष्ट वेगळी. आता जी सही मागतायत ती मिळालेलं सोडण्याची आहे. मामा सही मागतात, याचाच अर्थ तिचा हिस्सा आहे हे त्यांच्या वकिलाला पक्कं ठाऊक आहे.

किती हिस्सा? आजी-आजोबांचं लग्न गोव्यात झालं आणि लग्नाआधी त्यांनी काही वेगळा करार केला नव्हता असं धरते. त्या पिढीत असा करार मी क्वचितच पाहिलाय. मग लग्न झालं त्या दिवसापासून दोघांची सगळी मालमत्ता एक. आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आलेलं भाट, म्हणजे नारळाची बागसुद्धा त्यात आली. त्यातलं अर्धं आजीचं. वारस म्हणून नव्हे, मालकीण म्हणून. म्हणजे आजोबा गेल्यावर वाटणीला आली ती फक्त उरलेली अर्धी मालमत्ता, आणि ती तीन मुलांत सारखी. थोरले मामा एक षष्ठांश, धाकटे मामा एक षष्ठांश, तुमची आई एक षष्ठांश, आणि आजी एकटीच तीन षष्ठांश. त्या घरातली सगळ्यात मोठी मालकीण स्वयंपाकघराच्या दारात बसून तांदूळ निवडत असेल आणि तिला हे कुणी सांगितलंही नसेल.

मी अठ्ठावीस वर्षं वकिली करते आहे, बरीचशी फोंड्यात, थोडी म्हापशात आणि डिचोलीत. टीव्हीवर या विषयावर जे वाद होतात त्यात लग्न, तलाक, दुसरी बायको यांपलीकडे गाडी जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ फायली मात्र घर, भाट, कुळागर (पोफळीची बाग) आणि सही यांच्याच असतात. गोव्याच्या कायद्याचा जीव मालमत्तेत आहे. आणि नेमका तेवढाच भाग उचलून न्यायला बाहेरचं कुणी तयार दिसत नाही.

कायद्याचा इतिहास तुम्हाला थोडा माहीत असेल. पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ ची, आपल्याकडे लागू झाली १८७० पासून. लग्न आणि घटस्फोटाचे कायदे १९१० मध्ये तिथे राजेशाही गेल्यानंतरचे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, आणि १९६२ च्या प्रशासन कायद्याने इथले जुने कायदे, सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत, तसेच ठेवले. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा इथे आलेच नाहीत, १९३७ चा शरियत कायदाही आला नाही. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता करून जुनी मोडीत काढली. सासरच्यांनी टाकून दिलेला पाटा आपण अजून रोज वापरतोय. त्या संहितेचं अधिकृत इंग्रजी भाषांतर राजपत्रात यायला २०१८ साल उजाडलं. तोवर आम्ही वकील मंडळी खाजगी भाषांतरांवर आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या म्हाताऱ्या वकिलांच्या मेहरबानीवर दिवस काढत होतो. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आलाय. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी असं लांबलचक नाव आहे त्याचं. तो प्रत्यक्षात लागू झाला २०१६ च्या शेवटी.

समान आहे का? बराचसा आहे, पूर्ण नाही. फोंड्यातला हिंदू, मडगावचा ख्रिश्चन, वास्कोतला मुसलमान, तिघांच्याही मुलींना मुलाइतकाच वाटा. तोंडी तलाक इथे कधीच चालला नाही, मुसलमान पुरुषाला दुसरं लग्नही करता येत नाही. पण चर्चमध्ये लागलेलं लग्न रद्द ठरवायचा अधिकार १९४६ च्या एका फर्मानाने चर्चच्या न्यायाधिकरणाला दिला होता. आणि हिंदूंसाठी १८८० चं रूढींचं फर्मान आहे. त्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा आहे. एका समाजाला चार लग्नांची सूट आहे म्हणून ओरडणाऱ्यांना मी हे कलम वाचून दाखवते तेव्हा खोलीत जरा शांतता पसरते. खरं सांगायचं तर या कलमाचा आधार घेतलेलं एकही प्रकरण मी माझ्या वकिलीत पाहिलेलं नाही. मेलेलं कलम आहे. पण पुसलेलं नाही.

आता मालमत्तेकडे वळू. तीन गोष्टी आपल्याकडे आहेत, त्या उरलेल्या देशात जवळपास कुठेच नाहीत.

पहिली मघाशी सांगितली: लग्नाबरोबर येणारी अर्धी मालकी. त्यामुळेच नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. मुंबई-दिल्लीचा बिल्डर पहिल्यांदा इथे जमीन घ्यायला येतो तेव्हा चक्रावतो. सहा भावंडांची जमीन, सह्या बारा. बहिणीच्या नवऱ्याची सही कशाला, भावाच्या बायकोचा काय संबंध, असं विचारतो. संबंध मालकीचा असतो. १९६१ च्या आयकर कायद्यातसुद्धा यासाठी खास ५-अ कलम होतं. गोव्याच्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं मोजायचं. ही अर्धी मालकी ज्यांना नको असेल त्यांनी लग्नाआधी नोटरीसमोर करार करायचा. लग्नानंतर मग बदल नाही. आणि हो, मालकी अर्धी आली की संसारासाठी काढलेल्या कर्जाचं ओझंही येतं, ते नवऱ्याच्या धंद्यात पैसे घालताना बायका विसरतात.

दुसरी गोष्ट राखीव वाट्याची. बाकी भारतात हिंदू बाप मृत्युपत्र करून स्वकष्टाची सगळी इस्टेट एका मुलाला, पुतण्याला किंवा मठाला देऊ शकतो, मुली बघत बसतात. गोव्यात मुलं असलेल्या माणसाला आपल्या वाट्याच्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. एक कोटीचं घर-भाट असेल तर पन्नास लाख बायकोचे, उरलेल्या पन्नासातले पंचवीस त्याच्या मर्जीचे आणि पंचवीस मुलांचे, काही झालं तरी. एका मुलाला घर विकल्याचं दाखवायचं असेल तर बाकीच्या मुलांची संमती लागते. त्यामुळे 'पप्पांनी जाताना सगळं मला दिलं' हे वाक्य इथे कोर्टात फारसं टिकत नाही.

तिसरी गोष्ट इन्व्हेंटरी. जुनी माणसं 'इंव्हेंतार' म्हणतात. ही बाहेरच्यांना कळतच नाही, म्हणून जरा थांबून सांगते. माणूस गेला की कुठलाही वारस दिवाणी कोर्टात ही कार्यवाही सुरू करू शकतो. कोर्ट एक कुटुंबप्रमुख नेमतं, पोर्तुगीजात काबेस-द-काझाल. हा मान पहिला हयात जोडीदाराचा, म्हणजे तुमच्या बाबतीत आजीचा. तिने शपथेवर सांगायचं, वारस कोण, मालमत्ता काय. मग मूल्यांकन, मग वारसांची बैठक, आणि तिथे एकमत झालं नाही तर वारसा-वारसांत लिलाव. एकेक वस्तू पुकारतात. घर, भाट, शेत, कधी कधी नुसती विहीर. जास्त बोली त्याची वस्तू. बाकीच्यांना त्याने त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे, त्याला ओवेल्टी म्हणतात.

एक लिलाव माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. अंत्रुजातलं, म्हणजे फोंड्याकडचं कुळागर आणि राजांगणाचं, मधल्या चौकाचं जुनं घर. आईवडील दोघंही गेलेले, तीन भावंडं. एक भाऊ दुबईत, एक घरीच, आणि बहीण सरकारी कचेरीत कारकून. ती माझी पक्षकार. घराचं मूल्य अठरा लाख लावलेलं. दुबईच्या भावाने एकदम बावीस म्हटलं. ही तेवीस म्हणाली. कोर्टाच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती, हातात बँकेचं पासबुक, त्यात घडी घालून ठेवलेला भविष्यनिर्वाह निधीचा कागद. मी तिला आधीच समजावलं होतं, की तीसची बोली लावलीस तरी द्यायचे वीसच, कारण दहा तुझेच आहेत. तेवढ्या हिशेबावर ती एकतीसपर्यंत गेली. भाऊ बत्तीस म्हणाला आणि तिने पासबुक पर्समध्ये टाकलं. बाहेर आल्यावर रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मला घर नको होतं. त्याने एकदा तरी माझ्या तोंडून आकडा ऐकायला हवा होता." दहा लाख सहासष्ट हजार आणि वर काही रुपये तिला मिळाले, रीतसर चेकने. कुळागर घरच्या भावाने घेतलं, त्याचेही वाटे झाले.

यातलं न्याय्य काय आणि अन्याय्य काय हे दोन्ही तुमच्या लक्षात आलं असेल. घर कुणी फुकट ढापलं नाही. पण लिलावात ज्याच्या हाती रोकड तो जिंकतो, आणि रोकड बहुधा आखातात किंवा लंडनला गेलेल्या मुलाच्या हाती असते. माझी तक्रार या पद्धतीबद्दल एवढीच, आणि ती लहान नाही. शिवाय वेळ. एखादी इन्व्हेंटरी दोन वर्षांत संपते, एखादीत वारसांचे वारस येऊन बसतात.

पण बहुतेक बहिणी इतक्या लांब पोचतच नाहीत. त्यांचा वाटा नोटरीच्या टेबलावर संपतो.

तो प्रसंग असा असतो. भाऊ गाडी घेऊन आणायला येतो. वाटेत चहा, भजी. निबंधकाच्या कचेरीत गर्दी, पंखा कर्र कर्र करतोय. कागद इंग्रजीत, चार पानं. बहीण मराठी चौथी-सातवी शिकलेली, पेपर रोज वाचते, पण हा कागद वाचू शकत नाही. अधिकारी विचारतो, "समजलं ना?" ती भावाकडे बघते. भाऊ म्हणतो, "बाय, सय कर, मागीर चवथीक सगळीं येयात." (सही कर, मग गणेशचतुर्थीला सगळी या.) ती सही करते, तिच्या खालोखाल तिचा नवरा. त्याला घरी परतायची घाई. परतताना भाऊ पाच-दहा हजार रुपये आणि एक साडी हातात देतो आणि खरोखर प्रेमाने देतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. भाऊ खलनायक असता तर बहिणींनी सह्या केल्याच नसत्या.

का करतात? माझ्या पक्षकार बायकांनी वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर एकच: माहेरची वाट बंद होईल. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेराहून वजें, म्हणजे भेटीचं सामान, आलेलं असतं, त्याची सर सहा आण्यांच्या वाट्याला नाही. अडीअडचणीला उभा राहणारा भाऊ हवा, भाट घेऊन काय करायचं? मी पूर्वी यावर वाद घालायची. आता फक्त विचारते, भावाने कधी तुमचं सासर सांभाळण्यासाठी आपला वाटा सोडलाय का? काही जणी हसतात. काही जणी सही दोन महिने पुढे ढकलतात.

पेडण्यात तर आता सह्यांना पूर आलाय. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि ज्या वरकस जमिनीकडे तीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं तिच्यासाठी दिल्लीचे फोन येऊ लागले. आजोबांच्या नावाचा एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) काढला जातो आणि मग कुटुंबाला आत्याची, मावशीची आठवण होते. वाटणी न केलेल्या, वारस विखुरलेल्या अशाच जमिनींवर खोट्या जुन्या कागदांनी डल्ला मारणाऱ्या टोळ्या निघाल्या. त्यासाठी सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला. भावाबहिणींनी वेळेवर इन्व्हेंटरी केली असती तर त्यातल्या कितीतरी जमिनी त्या टोळ्यांना सापडल्याच नसत्या.

एक मोठं भोकही दाखवते, कारण गोव्याच्या कायद्याची आरती ओवाळणाऱ्यांना ते दिसत नाही. मूल नसलेल्या जोडप्यातला नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायकोची स्वतःची अर्धी मालकी शाबूत राहते. पण त्याच्या अर्ध्याच्या वारसांच्या रांगेत आधी मुलंबाळं, मग आईवडील, मग भाऊबहिणी आणि त्यांची मुलं, आणि चौथ्या क्रमांकावर बायको. २०१२ मध्ये आपण आपल्या हाताने कायदा लिहिला तेव्हाही ही रांग बदलली नाही. चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईचा सहमालक एका सकाळी तिचा दीर असतो. याला उपाय एकच: मूल नसलेल्या जोडप्यांनी मृत्युपत्र करणं. ते केलेली जोडपी मी बोटांवर मोजू शकते.

आता बाकी देशाबद्दल. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात गोव्याचं कौतुक केलं आणि गोवेकराची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी तिच्या वारशाला इथलाच कायदा लागतो असं ठरवलं. (तुमच्या बाबांचा पुण्यात फ्लॅट असेल तर हे लक्षात ठेवा.) मार्च २०२१ मध्ये पर्वरीला उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे आले, त्यांनीही गोव्याचा दाखला दिला. उत्तराखंडाने तर २०२४ मध्ये आपली संहिता मंजूर करून जानेवारी २०२५ पासून लागू केली. मी ती उत्सुकतेने वाचली. मुलामुलींना सारखा वाटा आहे, चांगलं आहे. एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची नोंदणी आहे, जी मला पोलिसी वाटते. अनुसूचित जमाती वगळल्यात. आमच्याकडे गावडा, कुणबी, वेळीप यांनाही हीच संहिता लागू आहे. आणि लग्नाबरोबर बायकोची अर्धी मालकी? नाही. मुलांचा राखीव वाटा? नाही, मृत्युपत्राने सगळं कुणालाही देता येतं. मग गोव्याकडून घेतलं काय? नाव. ज्या कलमाने प्रत्येक घरमालकाला दुसरी सही शोधावी लागेल ते कलम विधानसभेत मांडायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही, आणि विरोधी बाकांवरूनही कुणी त्याची मागणी करत नाही.

तर तुमच्या आईचं काय.

तो कागद बहुधा हक्कसोडीचा आहे. त्याचा मसुदा आधी मागून घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो चालेल, आणि मराठीत कुणाकडून तरी वाचून घ्या. हक्क एकदा सोडला की मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करत बसावं लागतं, आणि चहा-भजी पाजून घेतलेल्या सहीत जबरदस्ती दाखवणं कठीण. सोडलेला हिस्सा उरलेल्या वारसांकडे जातो, त्याबदल्यात पैसे ठरले असतील तर हा कागदच चुकीचा. पैसे घ्यायचे तर आईने विक्रीखतात विकणारी म्हणून यावं आणि तिचा चेक तिच्या खात्यात पडावा. मामांना हे अवघड नाही. खरेदीदाराला तेच जास्त सुरक्षित असतं, त्याच्या वकिलाला विचारून बघा.

आणखी एक. आईने उद्या सही केली तरी ती आजोबांच्या वारशापुरती. जिवंत माणसाचा वारसा कुणालाही आगाऊ सोडता येत नाही, म्हणून आजीच्या अर्ध्यात पुढे आईचा जो वाटा निघेल तो त्या सहीने जात नाही. कागदात 'आई-वडिलांच्या मालमत्तेतील सर्व हक्क' असं काही लिहिलं असेल तर तिथे बोट ठेवा. आणि जमीन विकायची तर आजीची सही हवीच, तीन षष्ठांश तिचे आहेत. तिला कुणी विचारलंय का, हे या चवथीला घरी जाल तेव्हा तुम्हीच विचारा, जमलं तर मामा बाजारात गेलेले असताना.

तुमच्या बाबांचीही सही लागेल. त्यांना सांगा, घाई नाही म्हणावं, मला आधी वाचू दे.